चुंबकीय उपचार जवळपास कुठे मिळेल?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. माझ्या धाकट्या भावाला नैराश्य असून, दोन औषधे पुरेसा काळ घेऊनही उतार पडलेला नाही. डोक्याला चुंबक लावून करतात तो उपचार जवळपास मिळेल का?

उत्तर : या उपचाराला टीएमएस (ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन) म्हणतात. कपाळाच्या डाव्या बाजूस वरच्या अंगाला कॉइल (तारेचे वेटोळे) टेकवून चुंबकीय स्पंदने देतात. टकटक आवाज होतो, टाळूला ठोके जाणवतात, मात्र भूल द्यावी लागत नाही आणि रुग्ण लगेच घरी जाऊ शकतो. अमेरिकेत २००८ साली त्याला नैराश्यासाठी मान्यता मिळाली. आपल्यासारख्यांची खरी अडचण येण्याजाण्याची आहे, कारण बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे चार ते सहा आठवडे जावे लागते. म्हणून बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत ही सोय असली तरी आधी बेळगावच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे आणि धारवाडच्या डिमहान्स या तशाच संस्थेत चौकशी करावी, आणि बेंगळुरूलाच जावे लागले तर मुक्कामाची व्यवस्था अगोदर करावी. भावाला कधी फिट आली असेल किंवा डोक्यात धातूची वस्तू बसवलेली असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. चालू औषधे परस्पर थांबवू नयेत. जीव नकोसा झाल्याचे तो बोलू लागला, तर त्याला एकटे न सोडता तातडीने रुग्णालयात न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर रात्रीही बोलता येते.