‘कॅम्पी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : जुन्या, कमी खर्चाच्या भयपटांविषयी लिहिताना इंग्रजीत ‘कॅम्पी’ (अतिरेकी, पण त्यामुळेच गमतीदार वाटणारं) हे विशेषण हटकून येतं. त्याला टुकार, नाटकी, बेगडी यांपैकी कोणता शब्द लावावा? आणि ‘होम व्हिडिओ’ला ‘घरगुती व्हिडिओ’ चालेल का?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. चालणार नाही. घरगुती व्हिडिओ म्हणजे बारशाचं नाहीतर वाढदिवसाचं चित्रण. इथे अभिप्रेत आहे ती विकत किंवा भाड्याने आणलेली कॅसेट, नाहीतर डिस्क. सरळ तसंच लिहावं.

आता ‘कॅम्पी’. छावणी किंवा शिबिर या अर्थाचा ‘कॅम्प’ लॅटिनमधल्या मैदानवाचक ‘कॅम्पस’पासून आला. ‘कॅम्पी’तला ‘कॅम्प’ वेगळा आहे. जेम्स रेडिंग वेअर यांच्या १९०९च्या बोलभाषेच्या कोशात तो अतिरेकी हावभाव अशा अर्थाने सापडतो. तो फ्रेंचमधून आला असावा असा कयास आहे, पण व्युत्पत्ती पक्की नाही. नाटकवाल्यांच्या आणि समलिंगी पुरुषांच्या बोलण्यात तो रुळला, आणि अमेरिकन लेखिका सूझन सॉन्टॅग यांच्या १९६४च्या निबंधाने त्याला समीक्षेत आणून बसवलं. त्या निबंधातला आपल्या कामाचा भेद म्हणजे नकळत झालेला कॅम्प आणि मुद्दाम केलेला कॅम्प. अस्सल तो नकळत झालेला, असं त्यांचं मत होतं. मराठी प्रतिशब्द अडतो तो याच सांध्यावर.

सुचवलेले शब्द घासून पाहू. ‘टुकार’ फक्त निकाल देतो. टुकार सिनेमा आपण अर्ध्यावर बंद करतो, कॅम्पी सिनेमा चार जणांना बोलावून पुन्हा लावतो. ‘बेगडी’त लबाडी आहे (बेगडी प्रेम म्हणतो तशी), आणि अस्सल कॅम्पमध्ये लबाडीचा लवलेश नसतो. ‘नाटकी’चंही तेच, नाटकी रडणारा आपल्याला फसवू पाहत असतो. ‘गल्लाभरू’ निर्मात्याचा हेतू सांगतो, पडद्यावर काय दिसतं ते सांगत नाही. ‘भडक’ बराच जवळ येतो, फक्त त्यात माया नाही.

म्हणून नकळत झालेल्या प्रकाराला मी ‘भाबडा भडकपणा’ म्हणेन. दिग्दर्शक एड वुड यांचा ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ हा त्याचा मासला. त्यातले नट बेला लुगोसी १९५६मध्ये वारले, तेव्हा हाताशी त्यांचं काही मिनिटांचंच चित्रण होतं. उरलेल्या प्रसंगांत दुसराच माणूस झग्याने तोंड झाकून फिरतो. थडगी हलतात, एकाच प्रसंगात दिवस आणि रात्र आलटूनपालटून येतात. आणि हे सगळं करताना कुणाच्याही चेहऱ्यावर मिश्कीलपणा नाही! तो असता तर मजा गेली असती. भडकपणा सगळ्यांना दिसतो, भाबडेपणा या गांभीर्यात असतो.

मुद्दाम केलेल्या प्रकाराला ‘सोंग’ हा आपला जुना शब्द तंतोतंत बसतो. भारुडातलं सोंग आणणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि बघणाऱ्यालाही. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन यांचा १९६०चा ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’, ज्याचं मुख्य चित्रीकरण दोन दिवसांत उरकलं, किंवा १९७५चा ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’, ही सोंगं आहेत. त्यांना भाबडं म्हटलं तर ते आपलंच भाबडेपण.

कमी खर्च म्हणजे आपोआप कॅम्प, असंही नाही. १९६८चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ तुटपुंज्या पैशांतच झाला. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं. कृष्णधवल असल्याने ते खपून गेलं, आणि बघताना कुणी हसत नाही. तिथे ‘कॅम्पी’ही नको आणि ‘भाबडा’ही नको.

विशेषण लावण्यापूर्वी एक तपासणी मात्र जरूर करावी, कारण कॅसेटवरचे काही दोष सिनेमाचे नसतातच. पुष्कळ सिनेमे जवळपास चौकोनी चौकटीत चित्रित होत आणि थिएटरात वरचा-खालचा भाग झाकून दाखवले जात. कॅसेट काढताना कधीकधी तो झाकायचा भाग उघडाच राहिला, आणि वर लोंबणारा माइक दिसू लागला. दिग्दर्शकाने तो झाकला जाणार हे धरूनच चित्रीकरण केलेलं असतं. तसंच ‘दिवसाची रात्र’ या युक्तीचं. भर दुपारी, कॅमेऱ्यात उजेड कमी घेऊन चित्रण करायचं आणि प्रत आणखी गडद छापायची. कॅसेटसाठी प्रत उजळ केली की रात्रीच्या स्मशानात लख्ख ऊन पडतं. उलट व्हीएचएस कॅसेटची आडवी स्पष्टता साधारण २४० रेषांची, म्हणजे बेताचीच, त्यामुळे खोटं वटवाघूळ ज्याला टांगलेलं असे तो दोरा तिच्यात विरून जाई. तोच दोरा नव्या, मूळ निगेटिव्हवरून केलेल्या डिस्कवर ठळक दिसतो. माइक हा कॅसेट काढणाऱ्याचा गलथानपणा, दोरा हा सिनेमाचा स्वतःचा भाबडेपणा. लिहिताना दोन्हींची जमा एकाच खात्यावर करू नये.

जाता जाता : ‘लो बजेट’ला ‘स्वस्त’ नको, त्याने तिकिटाची किंमत डोळ्यांपुढे येते. ‘स्वस्तातला’ म्हटलं की निर्मितीचा खर्च कळतो. ‘बी मूव्ही’ म्हणजे मुळात एका तिकिटात दोन सिनेमे दाखवत तेव्हाचा दुय्यम सिनेमा. आपल्याकडचं ‘बी ग्रेड’ शिवीसारखं वापरतात, ते इथे घेऊ नये. ‘विंटेज’ला ‘जुन्या वळणाचा’. आणि ‘चार्म’साठी ‘मोहिनी’ तर नकोच, कारण भुताच्या सिनेमात मोहिनी म्हटलं की वाचक हडळ शोधू लागतो. ‘गंमत’ पुरे.

तेव्हा डिस्कच्या पाठीवर एक ओळ हवी असेल तर अशी : ‘स्वस्तातल्या, जुन्या वळणाच्या भूतपटांच्या भाबड्या भडकपणाची गंमत’. ‘भ’ जरा जास्त झालेत, पण विषयाला ते शोभतात.