तुणतुण्यातून पेटीच्या सुरात सलग कसं जायचं?

तुळजापूरच्या गोंधळातलं तुणतुणं हळूहळू पेटी व्हावं, यासाठी दोन ट्रॅक क्रॉसफेड करू नका, म्हणजे एकाचा आवाज उतरवत दुसऱ्याचा चढवू नका. दोन वाद्यं एकाच वेळी वाजल्यासारखीच वाटतात. व्हायटल या सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये एकच वेव्हटेबल (ओळीने ठेवलेल्या लहरींचा संच, त्यातली प्रत्येक लहर म्हणजे एक फ्रेम) बनवा. दोन्ही आवाज आधी एकाच सुरात आणा. प्रत्येकाचं स्थिर भागातलं ध्वनिलहरीचं एक आवर्तन कापा (४४,१०० हर्ट्झच्या सॅम्पल रेटला २२० हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तन म्हणजे सुमारे २०० सॅम्पल) आणि ते २०४८ सॅम्पलच्या फ्रेममध्ये ताणा. तुणतुणं पहिल्या फ्रेमवर, पेटी शेवटच्या. फ्रेममधला ब्लेंड स्पेक्ट्रलच (हार्मोनिकनुसार मिसळणारा) हवा, कारण साध्या ब्लेंडमध्ये फेज (लहरींचे चढउतार) जुळला नाही की हार्मोनिक (सुरातले उपस्वर) एकमेकांना खोडतात आणि मधला आवाज पोकळ होतो. फ्रेमची जागा मॅक्रोला (अनेक गोष्टी एकत्र फिरवणाऱ्या नॉबला) जोडा.

तारेचा टणत्कार मात्र वेव्हटेबलमध्ये येत नाही. तो सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणाऱ्या भागात) वेगळा ठेवा, मॅक्रो वाढेल तशी त्याची पातळी उतरवा.