डिस्पेअर, कंटेम्प्ट आणि घोकंपट्टी

अरे, एका बैठकीत भावनांचे वीस इंग्रजी शब्द घोकू नकोस, सगळ्यांची खिचडी होते. आधी दोनच धर. डिस्पेअर म्हणजे आशाच सुटणं. कंटेम्प्ट म्हणजे समोरच्याला कस्पटासमान लेखणं.

नवखे घसरतात ते इथे:

- कंटेम्प्चुअस म्हणजे तुच्छ लेखणारा, कंटेम्प्टिबल म्हणजे तुच्छ लेखण्याच्याच लायकीचा. मी एकदा निबंधातल्या करारी नायकाला कंटेम्प्चुअसऐवजी कंटेम्प्टिबल लिहून बसलो. बिचारा एका शब्दात नीच ठरला!
- कंटेम्प्टनंतर बहुतेकदा ‘फॉर’ येतं. ‘कंटेम्प्ट ऑफ कोर्ट’ मात्र न्यायालयाचा अवमान, त्याचा १९७१ चा कायदाच आहे.

डिस्डेन, स्कॉर्न हे तुच्छतेचेच आणखी शब्द सध्या राहू देत. डिस्पेअर आणि कंटेम्प्टचं रोज एकेक वाक्य लिही, स्वतःचं. चुकलास तरी चालेल.