प्लुव्हिओझ वर्गाचं पहिलं मॉडेल

पहिल्याच मॉडेलसाठी प्लुव्हिओझ वर्गाची पाणबुडी घेताय, निवड चांगली आहे. आधी फोटोत धुराडं शोधा. ही फ्रेंच पाणबुडी पाण्यावर वाफेच्या इंजिनाने चालायची; बुडी मारण्याआधी बॉयलर बंद करून धुराडं आडवं पाडावं लागे. धुराडं दिसत नसेल तर ते पाडलेलं आहे, की ही डिझेलवाल्या ब्र्युमेर वर्गाची पाणबुडी आहे, हे तपासा. दोघींचा सांगाडा जवळपास सारखाच, त्यामुळे नवखे हमखास इथे फसतात.

दुसरी चूक म्हणजे नळकांड्यासारखा गोल सांगाडा. या पाणबुडीचा रचनाकार लोबफ, त्याची रचना दुहेरी कवचाची. बाहेरचा आकार बोटीसारखा, वर सपाट डेक. लांबी ५१.१२ मीटर, म्हणजे १:३५० प्रमाणाच्या मॉडेलला साधारण १४.६ सेंटीमीटर.

बरेचसे टॉर्पेडो बाहेर उघड्यावरच असत. ते अगदी शेवटी चिकटवा, नाहीतर रंगवताना हात लागून तुटतात. रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या बारीक डोक्यांच्या) भानगडीत सध्या पडूच नका.