शिडाच्या बोटीनं प्रवास करताना हवा बिघडली तर बंदरात किती थांबायचं आणि ते दिवस कसे काढायचे?

तुम्ही दोघं शिडाच्या बोटीनं किनाऱ्याकिनाऱ्यानं लांबच्या प्रवासाला निघताय. वाटेत हवा बिघडून एखाद्या बंदरात अडकलात तर पुन्हा कधी निघायचं हे कसं ठरवायचं आणि तोवर वेळ कसा काढायचा, असं विचारलंय. हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. आपण नेमकं कशासाठी थांबलोय हे ज्याला ठाऊक असतं त्याला थांबणं जड जात नाही. ज्याला ते ठाऊक नसतं तो रोज सकाळी नव्यानं वाद घालतो, स्वतःशी आणि सोबत्याशीही, आणि चार-पाच दिवसांनी निव्वळ वैतागून दोर सोडतो. बहुतेक वाईट प्रवास असे सुरू होतात.

म्हणून बंदरात शिरलात की पहिल्याच संध्याकाळी निघण्याच्या अटी लॉगबुकात लिहून ठेवा. ‘हवा सुधारली की निघू’ ही अट नव्हे. वारा कुठल्या दिशेचा आणि किती नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आत, बाहेरची लाट किती मीटरच्या खाली, पुढच्या बंदराच्या तोंडाशी पोहोचताना भरती आणि उजेड दोन्ही मिळणार का, दोघांची झोप पुरी झाली का, असं नेमकं लिहा. मी आणि नवरा हे एकत्र बसून लिहितो आणि त्याखाली एक ओळ कायम असते: दोघांपैकी एकानं जरी ‘नको’ म्हटलं तर जायचं नाही, आणि त्याचं कारणही विचारायचं नाही. या ओळीनं आमची जितकी भांडणं वाचवली तितकी कुठल्याच यंत्रानं वाचवली नसतील.

आता मुख्य मुद्दा, कारण नवे लोक इथंच फसतात. वारा पडला म्हणजे समुद्र पडला असं होत नाही. बंदरात बसलेल्या माणसाला वारा ऐकू येतो, डोलकाठ्यांवर आपटणारे दोर ऐकू येतात, आणि ते थांबले की त्याला वाटतं झालं, सुटलो. पण वाऱ्यानं उठवलेली लाट वारा गेल्यावरही धावत राहते. शेकडो मैलांवरच्या वादळाची लाट तुमच्यापर्यंत येते तेव्हा तुमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन असू शकतं. पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावर नदीच्या मुखाशी असलेली बंदरं अशीच अटलांटिकच्या लांब लाटांमुळे बंद ठेवली जातात, आणि गावात त्या दिवशी साधी झुळूकसुद्धा नसते.

मुखाशी नदीनं आणलेल्या वाळूचा उंचवटा असतो, तिथं पाणी उथळ होतं. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापटीइतकीच खोली उरली की लाट फुटायला लागते. त्यातच ओहोटीचं पाणी बाहेर जोर करत असेल तर समोरून येणारी लाट आखडते, उभी राहते आणि भिंतीसारखी कोसळते. तीच जागा भरती पूर्ण होण्याच्या सुमारास शांत दिसते. म्हणून थांबलेल्या दिवसांत मी रोज एकदा बंदराच्या टोकापर्यंत चालत जाते, ओहोटी चालू असताना. उंच जागी घड्याळ घेऊन उभी राहते. एका लाटेपासून दुसरीपर्यंत किती सेकंद, कुठल्या बाजूला आधी फुटतं, मोठ्या लाटांचा घोळका किती वेळानं येतो, हे बघत राहते. पहिली दहा मिनिटं सगळं सोपं वाटतं. मग तो घोळका येतो आणि मुख इकडून तिकडे पांढरं होतं. निदान अर्धा तास उभं राहिल्याशिवाय मत बनवू नका. अंदाजात दिलेली लाटेची उंची ही सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, एखादी सुटी लाट त्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. अंदाजातल्या २ मीटरचा अर्थ असा वाचायचा.

वाऱ्याची दिशा जागेप्रमाणे बघावी लागते. फ्लोरिडाहून बहामाकडे जाणारे लोक गल्फ स्ट्रीम ओलांडण्याआधी वाऱ्यातला उत्तरेचा अंश पूर्ण जाण्याची वाट बघतात, कारण उत्तरेकडे धावणाऱ्या त्या प्रवाहावर समोरून उत्तरेचा वारा आला की मध्यम वाऱ्यातही लाटा खड्या उभ्या राहतात. ग्रीसजवळच्या एजियन समुद्रात उन्हाळ्यात मेल्टेमी नावाचा वारा वाहतो: आकाश निरभ्र, वायुभारमापकाचा काटा जागचा हलत नाही, आणि उत्तरेचा वारा दिवसचे दिवस झोडपत राहतो. तिथं आभाळाकडे बघून काही कळत नाही. म्हणून नव्या किनाऱ्यावर गेलात की तिथला त्रासदायक वारा कुठला, तो कसा सुरू होतो आणि कसा संपतो, हे आधी शिकून घ्या.

अंदाजावर किती विसंबायचं? पुढच्या दोन-तीन दिवसांच्या अंदाजावर मी प्रवास ठरवते, त्यापुढचा फक्त कल म्हणून बघते. एकाच ॲपवर थांबू नका. वेगवेगळ्या प्रारूपांचे (हवामानाच्या संगणकी मॉडेलांचे) अंदाज जुळत असतील तर भरवसा वाढतो, फाटत असतील तर ती फाटाफूट हीच मोठी माहिती आहे. वाऱ्याचे झोत सरासरी वाऱ्यापेक्षा बरेच जोरात येतात, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, म्हणजे १५ नॉट आणि ३० नॉट यांत दुपटीचा फरक नाही. बोटीतला वायुभारमापक दर तीन तासांनी वहीत उतरवा. तीन तासांत ६ हेक्टोपास्कलहून जास्त उतरला तर अंदाज काहीही म्हणो, बोट बांधणारे दोर वाढवायला घ्या.

हवामानाचे अंदाज आणि वादळाचे इशारे आज फुकट मिळतात, पण त्यांच्यामागे फार मोठी किंमत आहे. ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्समधल्या अँगलसी बेटाच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर रॉबर्ट फिट्झरॉय या अधिकाऱ्यानं (डार्विन ज्या ‘बीगल’वर होता तिचा हाच कप्तान) तारेनं हवामानाच्या नोंदी गोळा करून १८६१ पासून ब्रिटिश बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. बंदरातल्या खांबावर शंकू चढवला जाई. टोक वर असेल तर उत्तरेकडचं वादळ, टोक खाली असेल तर दक्षिणेकडचं. त्याच्या मृत्यूनंतर हे इशारे काही काळ बंद पडले, तेव्हा ते परत सुरू करा म्हणून मागणी झाली आणि ते सुरूही झाले. लाल इशारा बघून ‘हे लोक नेहमी वाढवूनच सांगतात’ असं कुणी म्हणालं की मला तो शंकू आठवतो.

थांबलेल्या दिवसांतलं खरं काम बोटीवरच असतं. बंदर म्हणजे सुरक्षित, हे अर्धंच खरं. वाऱ्याची दिशा बंदराच्या तोंडातून सरळ आत येणारी असेल तर आतलं पाणी पुढेमागे झुलत राहतं आणि बोट रात्रभर दोरांना हिसडे देते. दोर तुटतात ते बहुधा ताणानं नाही, घासण्यानं. नायलॉनचा दोर ताणला जातो म्हणून हिसका सोसतो, पण ताणताना तो धातूच्या कडेवर मागेपुढे सरकतो. मध्यरात्री टॉर्च घेऊन बाहेर जा आणि जिथं दोर बोटीच्या कडेवरून वळतो तिथं हात लावा: दोर कोमट लागतो, बोटांना बारीक भुसा चिकटतो, बाहेरचे पीळ कापसासारखे पिंजलेले असतात. तेवढ्या जागी जुन्या होजपाइपचा तुकडा चिरून बसवा आणि घट्ट बांधा, म्हणजे दोर सकाळपर्यंत टिकतो. दर दोन-तीन तासांनी दोर वीतभर सैल करून घासणारी जागा बदलली तरी चालतं. प्रत्येक दोराला जोडीदार लावा आणि तो धक्क्यावरच्या वेगळ्या खुंटाला बांधा, कारण कधीकधी खुंटच उपटतो.

गुंडाळलेलं पुढचं शीड शक्य असेल तर उतरवूनच ठेवा. बांधलेल्या बोटीवर मध्यरात्री ते शीड सुटून फडफडायला लागलं तर शीड फाटतंच, वर डोलकाठीही धोक्यात येते. शेजारच्या बोटीची डोलकाठी तुमच्या डोलकाठीच्या रेषेत येत असेल तर एक बोट थोडी पुढेमागे घ्या, नाहीतर दोन्ही डोलायला लागल्या की वरती गुंततात. आणि डोलकाठीवर आपटणारे दोर बाजूला ओढून बांधा, तुमच्यासाठी आणि शेजाऱ्यांसाठीही. झोप हा साठा आहे, पाण्याइतकाच महत्त्वाचा.

नांगरावर थांबला असाल तर खोली भरतीच्या पाण्याची धरा आणि साखळी त्याच्या पाचपट तरी सोडा. वादळाचा इशारा असेल तर सातपट किंवा जागा असेल तितकी.

कोळ्यांशी बोला, पण प्रश्न नीट विचारा. ‘जाऊ का?’ असं विचारलंत तर माणूस संकोचानं काहीतरी सांगतो. ‘या वाऱ्यात तोंडाबाहेर पाणी कसं असतं, आणि भूशिराच्या पलीकडे?’ असं विचारलंत तर तो हातवारे करून सगळा किनारा उभा करतो. त्यांच्या बोटी आत असतील तर तुम्हीही आत राहा. त्या बाहेर गेल्या म्हणून तुम्ही जावं असं मात्र नाही. त्यांचं इंजिन जड असतं, ते संध्याकाळी याच बंदरात परततात, आणि पोटासाठी जे धाडस त्यांना करावं लागतं ते तुम्हाला करावं लागत नाही. शेजारच्या शिडाच्या बोटींबद्दलही तेच. सकाळी एकानं दोर सोडले की बघता बघता तिघं मागे निघतात. त्यातला प्रत्येक जण समजतो की पुढच्यानं विचार केला असेल.

वेळ जातो कसा? दुरुस्त्या, धुणं, चढून बघायची टेकडी, वाचन, आणि त्याच वाऱ्यानं अडकलेली माणसं. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरच्या ओर्ता बंदरात अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींचे लोक धक्क्याच्या भिंतीवर आपल्या बोटीचं चित्र रंगवतात. न रंगवता निघालं तर पुढचा प्रवास नीट होत नाही अशी समजूत आहे. समजूत बाजूला ठेवली तरी, रंग वाळेपर्यंत हातातलं काम न सोडणारी माणसं घाईनं निघत नाहीत, हे मला फार आवडतं. तुम्हीही रोजचं एक काम ठरवून घ्या, जे हवामानावर अवलंबून नाही. दोघांनी दिवसाचे काही तास वेगवेगळे काढा. छोट्या बोटीत अडकलेल्या माणसांना एकांताची भूक लागते आणि ती बोलून दाखवता येत नाही.

सगळ्यांत मोठा धोका लाट नाही, तारीख आहे. कुणी पाहुणा अमुक दिवशी अमुक बंदरात भेटणार, परतीचं विमान ठरलेलं, रजा संपत आलेली. पाहुण्यांना एक तर दिवस सांगा, नाहीतर गाव सांगा. दोन्ही एकदम सांगू नका. परतीचं काही असेल तर बोट मध्येच ठेवून बसनं जाता येईल अशी बंदरं आधीच नकाशावर टिपून ठेवा.

आणि निघाल्यावर परत यावं लागलं तर त्यात कमीपणा मानू नका. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम १८९६ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी मॅगेलनच्या सामुद्रधुनीत पोर्ट अँगोस्तोला अडकला होता. तिथून त्यानं सातव्यांदा नांगर उचलला तेव्हा १३ एप्रिलला तो सुटला. आधीच्या खेपांना वाऱ्यानं त्याला परत पाठवलं होतं, आणि तो निमूट परत आला होता.

म्हणून परतीची सोय ठेवूनच निघा. भरती पूर्ण व्हायच्या दीड-दोन तास आधी दोर सोडा, बंदराच्या कार्यालयाला कुठे चाललात ते सांगा, गरम खाणं आधीच करून ठेवा, आणि वाटेल त्यापेक्षा एक घडी जास्त घालून शीड लहान करूनच बाहेर पडा. तोंडाबाहेर पहिल्या तासात लाट लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा मोठी निघाली तर तिथूनच वळा. ओहोटी सुरू व्हायच्या आत तुम्ही पुन्हा धक्क्याला लागलेले असाल.