नाळेतल्या रक्ताच्या बँकेची सही करण्याआधी

अगं, बाळाच्या नाळेतलं रक्त पैसे घेऊन साठवणाऱ्या खासगी बँकेचं माहितीपत्रक घेऊन सातव्या महिन्यात दवाखान्याबाहेर कुणी भेटलं, तर ऐकून घे, पण त्याच दिवशी सही करू नकोस. माझ्या पहिल्या खेपेला मी भीतीपोटी हप्ते सुरू केले होते. कुणी नीट समजावलंच नव्हतं.

नाळेतल्या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. 1988 साली पॅरिसमध्ये एका मुलाला बहिणीच्या नाळेतल्या रक्तानं पहिल्यांदा बरं केलं. लक्षात घे, बहिणीच्या! थॅलेसेमियासारखा (रक्त नीट तयार न होण्याचा आनुवंशिक आजार) दोष बाळाच्या जनुकांतच असेल, तर त्याचं स्वतःचं साठवलेलं रक्तही तोच दोष घेऊन येतं. म्हणून ‘बाळाचा आयुष्यभराचा विमा’ हे जाहिरातीतलं वाक्य मला फार खटकतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही 2018 मध्ये खासगी साठवणुकीला असा विमा मानू नका, असंच सांगितलंय.

मात्र तुझ्या मोठ्या मुलाला थॅलेसेमिया किंवा रक्ताचा कर्करोग असेल, तर गोष्टच वेगळी. तेव्हा रक्तविकारतज्ज्ञांना आधीच भेट. सख्ख्या भावंडांच्या पेशींचा प्रकार एकमेकांशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते.

आणि डॉक्टरांना एक विचारच: नाळ लगेच कापणार का? निदान एक मिनिट थांबलं, तर बाळाला जास्त रक्त आणि लोह मिळतं. साठवणुकीसाठी ते मिनिट सोडू नकोस. थॅलेसेमियाची तपासणी राहिली असेल, तर ती याच आठवड्यात करून घे.