'फॉरेस्ट्रीचीच डिग्री लागते ना, मॅडम?'

विचारणारे बदलतात, प्रश्न बदलत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुलं, नोकरी सोडायला निघालेले इंजिनिअर, मुलांपेक्षा जास्त धास्तावलेले आईवडील, सगळे हेच विचारतात. वनखात्यात वरच्या पदावर जायचं तर वनशास्त्राची पदवी हवीच ना? म्हणून एका मुलीबद्दल लिहिते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

ती भांडुपची, वय २३, रसायनशास्त्रात बी.एस्सी. वडील बस डेपोत मेकॅनिक. औषधांच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून आधी दापोलीला वनशास्त्र शिकायचं आणि मग परीक्षेचं बघायचं, असा बेत दीड वर्ष नुसता घोळत होता.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "मोठं पद म्हणजे कोणतं?"

"मुख्य वनसंरक्षक."

"त्या पदाची जाहिरात कधी पाहिलीस?"

ती गप्प झाली. अशी जाहिरात निघतच नाही. वरिष्ठ पदांची वेगळी पात्रता नसते. पात्रता विचारतात ती दारात, भारतीय वनसेवेत शिरताना. परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. निवड झाली की मसुरीला पायाभूत अभ्यासक्रम, डेहराडूनच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वन अकादमीत प्रशिक्षण, मग उपवनसंरक्षक म्हणून जिल्ह्यात वन विभागाचा कारभार. पुढे साधारण १४ वर्षांनी वनसंरक्षक, १८ वर्षांनी मुख्य वनसंरक्षक, २५ नंतर अपर प्रधान मुख्य वनसंरक्षक, ३० च्या आसपास प्रधान मुख्य वनसंरक्षक. तीही जागा रिकामी असेल आणि सेवेचे अहवाल चांगले असतील तर. वनशास्त्र शिकवलं जातं ते प्रशिक्षणात, सरकारच्या खर्चाने.

हे ऐकून ती म्हणाली, "पण फॉरेस्ट्रीच केलेली मुलंच पुढे जातात. मला सगळं पक्कंच करून जायचंय."

मी तिचं वाक्य कागदावर लिहून काढलं आणि त्यातल्या तीन 'च'भोवती पेन्सिलने गोल केले. "हे 'च' खोडून वाच." तिने वाचलं, 'फॉरेस्ट्री केलेली मुलं पुढे जातात. मला सगळं पक्कं करून जायचंय.' अर्थ तोच, पण गळ्याभोवतीचा फास सुटलेला. मग तिच्या हातात आयोगाची अधिसूचना दिली. दीड वर्षात तिने ती एकदाही मुळातून वाचली नव्हती, फक्त इतरांनी काढलेले सारांश पाहिले होते. पात्रतेच्या परिच्छेदावर बोट ठेवून ती सावकाश वाचत गेली. पशुसंवर्धन व पशुवैद्यकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र... बोट तिथेच थांबलं. भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र. यांपैकी किमान एक विषय असलेली पदवी, किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकी यांतली पदवी.

"किमान एक," ती दोनदा म्हणाली. "म्हणजे माझं झालेलंच आहे." हा 'च' मात्र मी राहू दिला.

इतक्या वर्षांच्या कामातून माझं एक ठाम मत झालं आहे. पात्रतेची काळजी बऱ्याचदा परीक्षेच्या भीतीला दिलेलं सभ्य नाव असतं. आणखी एक पदवी घेत राहिलं की नापास होण्याचा दिवस पुढे ढकलता येतो. हे तोंडावर सांगून पटत नाही, ज्याचं त्याला दिसावं लागतं. ती अधिसूचना मी वाचून दाखवली असती तर ती पुन्हा दापोलीवर आली असती.

सगळ्यांना मात्र असं उत्तर देता येत नाही. बी.कॉम., बी.एम.एस. किंवा इतिहास-राज्यशास्त्राची बी.ए. असेल तर हे दार बंद आहे, आणि ते पहिल्याच भेटीत सांगायला हवं. बायोटेक, मायक्रोबायोलॉजी ही नावं यादीत नाहीत. त्या मुलांनी आपल्या गुणपत्रिका काढून यादीतला एखादा विषय पदवीला होता का ते तपासावं.

वयाची अट परीक्षेच्या वर्षीच्या १ ऑगस्टला धरतात. २१ पूर्ण हवीत, ३२ पूर्ण झालेली नकोत. इतर मागासवर्गीयांना ३ आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सूट आहे. खुल्या प्रवर्गाला ६ प्रयत्न मिळतात.

तिसऱ्या भेटीला वडील सोबत आले. ते म्हणाले, "डिग्रीचं कळलं, मॅडम. अजून काय राहिलं ते सांगा." मी तिला उंची विचारली. शेवटची कधी मोजली, तेच तिला आठवेना. वनसेवेत शारीरिक निकष काटेकोर असतात. मुलींना १५० सें.मी. उंची लागते, मुलांना १६३. अनुसूचित जमातींना यात सवलत आहे. छातीचं माप मुलींना ७९, मुलांना ८४ आणि दोघांनाही ५ सें.मी. फुगवता यायला हवी. वडिलांनी पिशवीतून स्टीलची टेप काढली. लेकीला खोलीच्या दारापाशी उभं केलं, डोक्यावर माझी डायरी आडवी धरली, चौकटीवर नखाने खूण केली आणि आकडा दोनदा वाचला. "एकशे बावन्न." दीड वर्ष पदवीवर वाद घालणारी ही दोघं पहिल्यांदाच एका बाजूला उभी होती. आता अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी टेप घ्यायला सांगते. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत असे तीन टप्पे पार करून दिल्लीतल्या वैद्यकीय चाचणीत उंचीवर अडकणं फार जिव्हारी लागतं.

त्याच चाचणीत चालणंही असतं. ४ तासांत मुलींनी १४ किलोमीटर, मुलांनी २५. मुलींना हा वेग जमतो. मुलांना मात्र ताशी सहा किलोमीटरहून जास्त वेग चार तास टिकवावा लागतो, आणि तिथे घात करतात ते नवे बूट. महिनाभर वापरलेले बूटच घालावेत.

दापोलीची हौस तिची ऐच्छिक विषयात भागली. पूर्वपरीक्षा नागरी सेवांचीच असते, पण अर्जात वनसेवेचा पर्याय निवडायला विसरलं तर वर्ष गेलं. मुख्य परीक्षेत इंग्रजी ३००, सामान्य ज्ञान ३००, आणि दोन ऐच्छिक विषयांचे २०० गुणांचे चार पेपर, एकूण १४००. मुलाखत ३०० ची. तिने रसायनशास्त्र आणि वनशास्त्र ही जोडी घेतली. काही जोड्या चालत नाहीत. कृषीसोबत वनशास्त्र, गणितासोबत संख्याशास्त्र, रसायनशास्त्रासोबत रासायनिक अभियांत्रिकी घेता येत नाही. उत्तरं इंग्रजीतच लिहावी लागतात. मराठी माध्यमातल्या मुलांना हे उशिरा कळतं, म्हणून रोज एक पान इंग्रजीत लिहिण्याची सवय पहिल्या आठवड्यापासूनच लावावी.

उठता उठता वडिलांनी विचारलं, "आणि नाहीच झालं तर?" तेव्हा मी राज्याच्या वनसेवेचं सांगितलं. राज्य लोकसेवा आयोगातून सहायक वनसंरक्षक किंवा वनक्षेत्रपाल होता येतं, खुल्या प्रवर्गाला तिथे वयाची मर्यादा ३८ आहे. सहायक वनसंरक्षक म्हणून ८ वर्षं सेवा झाली की भारतीय वनसेवेत बढतीसाठी विचार होऊ शकतो. त्या संवर्गातल्या वरिष्ठ जागांपैकी जवळपास एक तृतीयांश अशाच भरतात.

नोकरी तिने सोडली नाही. दर रविवारी सकाळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत ती चालत जाते आणि चालत परत येते. वेळ वडील लिहून ठेवतात.